घाट लागला, गाडी लागली

मराठीत काय काय लागतं याची एकदा मोजदाद करायला हवी. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, नजर लागते, दहावीचा निकाल लागतो. प्रवासात गाव लागतं, नदी लागते, टोलनाका लागतो. मग घाट लागतो, आणि घाट लागला की आमच्या आत्याला गाडी लागते.

आत्या भूगोलाची निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं तिनं सह्याद्री फळ्यावर काढला. खडूनं उत्तर-दक्षिण एक ओबडधोबड रेघ मारायची, डावीकडे कोकण, उजवीकडे देश, आणि रेघेवर घाटांच्या आडव्या फुल्या. थळ, माळशेज, बोर, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. हा क्रम तिच्या विद्यार्थ्यांना बाराच्या पाढ्यापेक्षा पक्का येतो. पण यातला एकही घाट तिनं स्वतः धड पाहिलेला नव्हता. बोर घाट तेवढा रेल्वेतून पाहिला, तोही दोन बोगद्यांच्या मधल्या फटीतून, हप्त्याहप्त्यानं. बाकीच्यांबद्दल ती म्हणते, "गेले सगळ्यांतून. पाहिलं मात्र फक्त पिशवीत."

हे आमच्या मेहुण्यांच्या कानावर गेलं, आणि मेहुण्यांनी नुकतीच नवी गाडी घेतलेली होती. नवी गाडी घेतलेल्या माणसाला पेट्रोल जाळायला एक उदात्त कारण लागतं. (हेही लागतंच.) "दाजी, ठरलं. आत्यांना घाट दाखवायचे. वरंध्यानं कोकणात उतरायचं, आंबेनळीनं महाबळेश्वरला चढायचं, पसरणीनं वाईत उतरायचं आणि रात्री जेवायला घरी. एका दिवसात. साधारण तीनशे किलोमीटर." त्यांनी याचं एक्सेलमध्ये वेळापत्रकही केलं. त्यात 'निसर्गसौंदर्य' नावाचा स्वतंत्र रकाना होता आणि त्याला एकूण पंचावन्न मिनिटं दिलेली होती.

पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे बऱ्याचदा बंद ठेवतात. म्हणून दसरा उलटल्यावरचा रविवार ठरला. आता डोंगर हिरवे असतील, धबधबे अगदीच आटले नसतील, आणि मुख्य म्हणजे मेहुण्यांच्या गाडीला चिखल लागणार नाही.

पहाटे पाचला निघायचं होतं, त्याप्रमाणे आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी निघालो. उशीर नक्की कोणामुळे झाला यावर घरात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक खरं.

गाडीत बसण्याची व्यवस्था हा आपल्याकडे राज्यघटनेइतकाच पक्का मामला असतो. चालकाच्या जागी मेहुणे. शेजारची पुढची सीट आत्याला, कारण गाडी लागणाऱ्या माणसाला पुढे बसवायचं हा कायदा आहे. मागे डाव्या खिडकीशी बायको, कारण तिला वारा लागतो. उजव्या खिडकीशी लेक, कारण तिला प्रकाश लागतो, फोटोसाठी. उरली मधली सीट. ती जिथं उंचवटा असतो आणि पाय नेमके कुठं ठेवायचे हे गाडीच्या कारखान्यानं अजून ठरवलेलं नसतं ती जागा जावयाची. मधल्या सीटवरून जे दिसतं ते असं : समोर गिअरचा दांडा, त्यावर डॅशबोर्डावरचा गणपती, त्यावर आरसा, आणि आरशात स्वतःचंच कपाळ. पुढचे तीनशे किलोमीटर मी हा देखावा पाहिला.

आत्याच्या मांडीवर तिची कापडी पिशवी होती. ही पिशवी एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. वरच्या थरात दोन लिंबं. एक अख्खं हुंगायला आणि एक कापून डबीत, हुंगून भागलं नाही तर. त्याखाली ओवा आणि सैंधव यांची पुडी. मग आल्याच्या वड्या, आवळासुपारी, कापराची डबी. त्याखाली वर्तमानपत्राचा चौघडी केलेला ताव, तो पदराआड पोटावर धरला की गाडी लागत नाही अशी आमच्या घरातली तीन पिढ्यांची श्रद्धा आहे. (अग्रलेखाचं पान लागतं. पुरवणीनं फरक पडत नाही.) सगळ्यात तळाशी मिठाईच्या दुकानातल्या कागदी पिशव्या, मोजून आठ, इस्त्री केल्यासारख्या घडीच्या. "एका घाटाला दोन," आत्या म्हणाली, "आणि दोन आकस्मिक खर्चाला."

लेक बारावीला आहे, शास्त्र शाखेत. तिनं खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरच्या रांगेत आत्याला गाडी लागण्याचं कारण समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. गाडी वळली की तो मेंदूला कळवतो, आपण हलतोय. आपण मात्र बघत असतो मांडीवरच्या मोबाइलकडे किंवा पुढच्या सीटच्या पाठीकडे, तेव्हा डोळे कळवतात, आपण स्थिर आहोत. दोन खात्यांचे दोन उलटे अहवाल आले की मेंदू गोंधळतो, आणि शिक्षा पोटाला होते.

"म्हणजे सरकारी कामच," आत्या म्हणाली. "यावर उपाय?"

"लांब बाहेर बघायचं, आजी. डोंगराकडे, क्षितिजाकडे. मग डोळ्यांनापण कळतं की आपण हलतोय. म्हणून तर गाडी चालवणाऱ्याला कधी गाडी लागत नाही. तो सतत पुढं बघत असतो."

एवढं सांगून लेकीनं मान खाली घातली आणि मोबाइल बघायला लागली.

कापूरहोळला महामार्ग सोडून आम्ही भोरच्या रस्त्याला लागलो. आता बोर घाट लागेल का, असं लेकीनं विचारलं आणि आत्यामधली शिक्षिका ताठ झाली. हा प्रश्न तिनं चौतीस वर्षं लाल शाईनं खोडलेला आहे. बोर घाट खोपोली आणि खंडाळ्याच्या मध्ये. भोर गाव तिथून कितीतरी दक्षिणेला, नीरा नदीकाठी. भोरला बोर घाट नाही आणि बोर घाटात भोर नाही. शिवाय खंडाळेही दोन आहेत, एक लोणावळ्याजवळचं, दुसरं सातारा जिल्ह्यातलं खंबाटकीच्या पायथ्याचं. "गावांची नावं ठेवताना पूर्वजांनी माझा विचारच केला नाही," आत्या म्हणाली.

भोर मागं पडलं आणि नीरा-देवघर धरणाचं पाणी दिसायला लागलं. दिसायला लागलं म्हणजे बाकीच्यांना. मी बायकोच्या अंबाड्यामधून त्याचा निळा भाग पाहिला. रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत जातो. दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं पसरली होती, त्यांत अधूनमधून तेरड्याचा गुलाबी ठिपका. ही माहिती मला नंतर मिळाली. त्या वेळी गाडीत चर्चा चालली होती ती नाश्ता मघाशी करायला हवा होता की नको यावर.

मग घाट सुरू झाला, आणि मोबाइलमधली नकाशेवाली बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, "पुढचे एकवीस किलोमीटर सरळ जा." ती बोलतेय तोवर पहिलं वळण आलं. मी बायकोवर गेलो. लगेच दुसरं आलं, मी लेकीवर गेलो. बाईच्या दृष्टीनं सरळ म्हणजे दुसरा फाटा नसलेला रस्ता. संसाराला आपण सरळमार्गी म्हणतो त्याच अर्थानं. थोड्या वेळानं रेंज गेली आणि बाईही गप्प झाली. लेकीनं मोबाइल खिडकीबाहेर धरून पाहिला, छताला लावून पाहिला, बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. रेंजच्या शोधात तिनं जेवढ्या दिशा पाहिल्या तेवढ्या डोंगराच्या पाहिल्या असत्या तर नकाशाच काढून झाला असता.

आत्या समोर बघत होती. अजिबात न बोलता, एका हातात लिंबू, दुसरा हात अग्रलेखावर, डोळे लांब कुठंतरी. आम्ही समजलो, बिचारीला मळमळतंय. "आत्या, बोलू नका, पडून राहा," असं सगळ्यांनी तिला आळीपाळीनं सांगितलं.

वरंध्यात वाघजाईचं देऊळ आहे, आणि देवळाच्या आसपास भज्यांच्या टपऱ्या. देवी किती जुनी हे मला माहीत नाही, पण भज्यांची परंपरा त्याच भक्तिभावानं पाळली जाते. वर पत्रा, खाली चूल, चुलीवर काळीभोर कढई. टपरीतल्या मावशींनी ओंजळभर कांदा पिठात नुसता फिरवून सोडला, तो तेलात पसरला, फुगला, आणि झाऱ्यानं दोनदा उलटून कागदावर आला. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. समोर दरीतून ढग वर येत होते आणि भज्यांच्या वाफेत मिसळत होते. मेहुण्यांनी दुसरी प्लेट सांगितली. वेळापत्रकात इथं पंधरा मिनिटं होती. आम्ही पन्नास बसलो, आणि पन्नासच्या पन्नास मिनिटं दरीकडे पाठ करून बसलो, कारण कढई त्या बाजूला होती.

वाघजाईला माकडंही आहेत, आणि ती आल्या-गेल्यांचा स्वभाव ओळखून असतात. एकानं सरळ गाडीच्या उघड्या छतातून (या छताचे मेहुण्यांनी वेगळे पैसे मोजलेत) आत उडी मारली आणि आत्याची कापडी पिशवी पळवली. बाजूच्या कठड्यावर बसून त्यानं ती शिस्तीत तपासली. आवळासुपारी खाल्ली. आल्याची वडी चाखून डोळे मिटले. ओव्याची पुडी उडवून दिली. मग डबीतली लिंबाची फोड तोंडात घातली आणि आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं आजवर फक्त माझ्या सासऱ्यांनी पाहिलंय. शेवटी आठच्या आठ कागदी पिशव्या एकेक करून दरीत सोडल्या. मेहुणे हळहळले, पण आत्या म्हणाली, "गेल्या तर गेल्या. आता आजारी पडायची सोयच उरली नाही, तेव्हा पडून चालणार नाही."

उताराला मेहुण्यांनी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली. ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, ही घाटातल्या जुन्या चालकांची शिकवण; नुसत्या ब्रेकवर विसंबलं की ब्रेक तापतात आणि आयत्या वेळी दगा देतात. मेहुण्यांनी हे आम्हाला प्रत्येक वळणावर एकदा, अशा प्रकारे सुमारे साठ वेळा सांगितलं. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही, आणि हलली नाही म्हणूनच आज मी हे लिहायला शिल्लक आहे. वाटेत शिवथरघळीकडे जायची पाटी दिसली. समर्थांनी दासबोध तिथं लिहिला असं मानतात. "जाऊ या का?" बायको म्हणाली. "पुढच्या वेळी," मेहुणे म्हणाले. 'पुढच्या वेळी' हे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं पर्यटनस्थळ आहे. जे जे पाहायचं राहिलं ते सगळं तिथं आहे.

खाली कोकणाची हवा लागली. वर वाऱ्यानं शहारे आले होते, इथं मानेवरून घाम ओघळायला लागला. गोवा महामार्ग आला. उजवीकडे महाड, डावीकडे पोलादपूर. मेहुण्यांनी डावीकडचा दिवा लावला. तासाभरात पहिल्यांदाच आत्या बोलली.

"उजवीकडे घे. चवदार तळं."

"आत्या, आधीच उशीर झालाय. पुढच्या वेळी..."

"भज्यांना पन्नास मिनिटं होती," आत्या म्हणाली, तोच वर्गातला आवाज. "नुसतं पाणी प्यायचा हक्क मिळावा म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर माणसं चालत त्या तळ्यावर गेली. त्या पाण्याला दहा मिनिटं देता येत नसतील तर मला इथंच उतरवा, मी एसटीनं येते."

मेहुण्यांनी उजवीकडे घेतलं. तळ्याच्या पायऱ्यांपाशी आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. कोणी फोटो काढले नाहीत, कोणी बोललं नाही. दिवसभरात आम्ही पाचही जण एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहत होतो असं तेवढं एकदाच घडलं. परत गाडीत बसल्यावर मेहुण्यांनी वेळापत्रकाचा कागद काढला, त्यावर काही तरी खोडलं, आणि कागद दाराच्या कप्प्यात ठेवून दिला. पुन्हा तो दिसला नाही.

महाडमध्येच जेवलो आणि पोलादपूरला आंबेनळी घाट लागला. हा खरा जावळीचा मुलूख. जावळीत शिरणं सोपं आणि निघणं अवघड, ही ख्याती मोऱ्यांच्या वेळची. रविवारी दुपारी ती पुन्हा अनुभवता येते. झाडी इतकी दाट की दोन वळणांपलीकडचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. एका अरुंद वळणावर वरून लाल एसटी आली आणि आमच्या नाकासमोर थांबली.

नियम असा आहे की घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. मेहुण्यांना नियम माहीत होता. एवढंच नव्हे, तो माहीत असल्याचा त्यांना अभिमान होता. "आपण चढतोय. हक्क आपला," असं म्हणून ते काच वर करून बसले. एसटीचे चालक वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी बस सावकाश मागं घेतली, डोंगराच्या पोटाला चिकटवली, आणि कमरेपासून वरचा सगळा देह खिडकीबाहेर काढून हाताच्या पंजानं मेहुण्यांना बोलावू लागले. "या... या साहेब... आणखी या... डावं चाक सोडा थोडं... घाबरू नका, कागद जाईल एवढी जागा आहे!" मेहुण्यांच्या गाडीचा बाहेरचा आरसा आत मिटला गेला. बायकोनं श्वास रोखून पोट आत घेतलं, जणू तेवढ्यानं गाडी बारीक होणार होती. बसमधल्या एका आजोबांनी खिडकीतून आमच्या उघड्या छतात डोकावून विचारलं, "कुठले पाव्हणं?" आम्ही पुणे म्हणालो. त्यांनी मान हलवली; त्यांना आरशाचं कारण समजलं असावं. पलीकडे पोचल्यावर मेहुणे म्हणाले, "नियम पाळला की सगळं सुरळीत होतं." गाडी नियमावर नव्हे, त्या चालकाच्या पंजावर पलीकडे गेली होती, पण नव्या गाडीच्या मालकाला दिवसात दोन सत्यं एकदम सांगू नयेत.

एका वळणावर प्रतापगड दिसला. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड. अफजलखानाला वाईचा तळ सोडून या जावळीच्या जंगलात उतरावं लागलं, यातच निम्मं युद्ध झालं होतं हे कळायला इतिहासाची पदवी लागत नाही. मधल्या सीटवर बसून आंबेनळी चढला की पुरे. गडावर जायचं ठरलं होतं. "पुढच्या वेळी," असं या खेपेला मेहुणे बोलायच्या आत मीच बोललो, कारण माझे दोन्ही पाय कधीचे झोपलेले होते.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. इथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो थांबला की त्याच्या जागी माणसं पडायला लागतात. इथलं सौंदर्य पॉइंटांमध्ये विभागलेलं आहे : आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, केट्स, विल्सन, बॉम्बे. दरी आपली, डोंगर आपले आणि नावं सगळी साहेबांची. पॉइंट म्हणजे काय, तर जिथं एक कठडा, एक घोडा, एक भाजलेलं कणीस आणि चारशे माणसं एका जागी असतात तो बिंदू. भूमितीत बिंदूला लांबी-रुंदी नसते असं शिकवतात, इथं फक्त पार्किंग नसतं. सूर्यास्त पाहायला म्हणून आम्ही बॉम्बे पॉइंटच्या रस्त्याला लागलो आणि गाड्यांच्या रांगेत सूर्य आमच्या आधी पोचणार असं दिसल्यावर मागं फिरलो.

मेहुण्यांना स्ट्रॉबेरी हवी होती. महाबळेश्वरला येऊन स्ट्रॉबेरी न खाणं म्हणजे त्यांच्या मते पंढरपूरला जाऊन विठोबा न बघणं. ऑक्टोबरात स्ट्रॉबेरीची रोपं नुकती लावलेली असतात. गादीवाफ्यांवर हाताच्या पंजाएवढी हिरवी पानं तेवढी दिसतात, फळ नोव्हेंबर सरता सरता. एका शेताच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकरीदादांना मेहुण्यांनी विचारलं, "स्ट्रॉबेरी आहे का?" त्यांनी शांतपणे रोपाकडे बोट केलं. "ही काय. थांबा की दीड-दोन महिने."

शेवटी आत्याच्या हट्टानं क्षेत्र महाबळेश्वरला गेलो, पंचगंगेच्या देवळात. काळ्या दगडाचा गाभारा, ओली फरशी, आणि एका गोमुखातून पडणारं पाणी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या इथं उगम पावतात असं मानतात. आत्या त्या गोमुखासमोर उभी राहिली आणि सांगू लागली. ब्रह्मदेवानं या डोंगरावर यज्ञ मांडला. मुहूर्ताच्या वेळी सावित्रीला यायला उशीर झाला. ब्रह्मदेवानं वाट न बघता गायत्रीला शेजारी बसवलं आणि यज्ञ सुरू केला. सावित्री आली, पाहिलं, आणि संतापून सगळ्या देवांना शाप दिला की नद्या व्हा. बाकीच्या पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे निघाल्या. सावित्री मात्र रागारागानं पश्चिमेचा कडा उतरून कोकणात गेली, महाडवरून अरबी समुद्राला.

"म्हणजे दुपारी महाडला दिसली ती हीच?" लेकीनं विचारलं.

"हीच. दुपारी हिला भेटलो, रात्री वाईला हिच्या बहिणीला भेटू. दोघी एका दगडातून निघाल्या आणि एकमेकींकडे पाठ करून दोन समुद्रांना गेल्या."

माझी बायको एवढ्या वेळात काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "म्हणून निघायला उशीर झाला तरी बायकोची वाट बघावी." सकाळच्या सात वीसचा निकाल तिथं, पाच नद्यांच्या साक्षीनं, लागला.

पाचगणी मागं टाकून पसरणी घाट उतरताना अंधार पडला होता. याच घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. खाली वाईचे दिवे लागले होते. वाईत कृष्णाकाठी ढोल्या गणपतीला आम्ही गाडीतूनच हात जोडले. पुढं सुरूरला महामार्ग, मग खंबाटकीचा बोगदा, कात्रजचा बोगदा, आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना घर.

जेवणं झाल्यावर लेकीनं मोबाइल टीव्हीला जोडला. चारशे बारा फोटो होते. त्यांत एकशेनव्वद फोटोंत खिडकीच्या काचेत उमटलेला डॅशबोर्डावरचा गणपती होता आणि त्याच्या मागं हिरवं काही तरी. साठ फोटोंत कठडा आणि आम्ही. चाळीस फोटो भज्यांचे. माकडाचे सत्तावीस, सगळे हललेले. बाकीचे लेकीचे स्वतःचे.

"पण आपण नक्की पाहिलं काय?" मी विचारलं.

मेहुण्यांनी रस्ता पाहिला होता, तीनशे किलोमीटरचा, प्रत्येक खड्ड्यानिशी. लेकीनं मोबाइल पाहिला. बायकोचा अर्धा दिवस माझं डोकं खांद्यावरून बाजूला सारण्यात गेला. मी गिअरचा दांडा पाहिला.

तेव्हा आत्या कोपऱ्यातून बोलायला लागली. वरंध्याच्या माथ्यावर समोरच्या कड्यात आडव्या पट्ट्या कशा एकावर एक रचलेल्या दिसतात, घराच्या पायऱ्यांसारख्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांथरांनी ओतला गेला त्याचे ते थर. चौतीस वर्षं फळ्यावर एकच रेघ काढत होते, ती म्हणाली, खरं तर रेघांवर रेघा काढायला हव्या होत्या. धरणाच्या पाण्यात ढगाची सावली एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे चालत गेली. सोनकी पठारावर आधी विरळ आणि कड्याजवळ दाट होती. आंबेनळीत एक धबधबा इतका बारीक झाला होता की वारा आला की तो खाली न पडता वरच उडायचा. पसरणी उतरताना खालचे दिवे एकेक करून लागत होते आणि मध्येच एक काळी पट्टी मोकळी राहिली होती; ती कृष्णा.

"पण आत्या, तुम्हाला तर मळमळत होतं ना? तुम्ही काही बोलत नव्हता."

"बोलले असते तर मान वळवावी लागली असती," आत्या म्हणाली. "पोरीनं सांगितलं होतं, लांब बघत राहायचं. दिवसभर तेवढंच केलं. पिशव्या माकडानं नेल्या, दुसरा उपायच नव्हता."

घरात थोडा वेळ शांतता पसरली. मग मेहुणे म्हणाले, पुढच्या महिन्यात ताम्हिणी करू. आत्यानं मान डोलावली.

त्या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. ताम्हिणीचा दिवस ठरलाय, वेळापत्रक केलेलं नाही. अडचण एकच आहे. लेकीला म्हणे हल्ली वळणावर गरगरतं. बायकोला वाऱ्याऐवजी पुढचीच सीट मानवेल असं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं आठवतंय. मी तर परवा रिक्षातसुद्धा लिंबू घेऊन बसलो होतो. आणि काल रात्री मेहुण्यांचा फोन आला : "दाजी, गाडी तुम्ही चालवता का? मला अलीकडे जरा गाडी लागते."